माहितीचे कोठार : नियोजन आणि उभारणी

ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले की ऐरोली, रबाळे, महापे या परिसरात काही इमारती लक्ष वेधून घेतात. त्यांना खिडक्या फारशा नसतात. आवारात मोठी जनित्रे आणि हवा थंड ठेवणारी यंत्रणा असते. आत माणसे थोडी आणि यंत्रे फार. एके काळी केवळ कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या औद्योगिक पट्ट्यात आज देशातील अनेक संस्थांची संगणकीय माहिती साठविली जाते. या इमारतींना ‘डेटा सेंटर’ म्हणतात. याच रस्त्याच्या दक्षिण टोकाला, सीबीडी बेलापूर येथे, भारतीय स्टेट बँकेचे जागतिक माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे. बँकेच्या ‘डेटा वेअरहाऊस’चे काम बेलापूरमधूनच चालते.

ही दोन नावे सारखी वाटतात आणि पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. वस्तुतः डेटा सेंटर म्हणजे यंत्रे ठेवण्याची जागा. डेटा वेअरहाऊस म्हणजे त्या यंत्रांमध्ये माहिती लावून ठेवण्याची एक विशिष्ट रीत. मराठीत तिला ‘माहितीचे कोठार’ म्हणता येईल. जागा पैसे मोजून भाड्याने मिळू शकते. रीत मात्र ज्या त्या संस्थेला स्वतःच बसवावी लागते, आणि खरा कस लागतो तो तेथेच.

हा विषय केवळ बँकांचा किंवा संगणकतज्ज्ञांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात, शाळेच्या कार्यालयात आणि तहसीलच्या टेबलावर रोज भरले जाणारे रकाने आज ना उद्या अशाच एखाद्या कोठारात जाऊन पडतात. त्यांतून काढलेल्या आकड्यांवर शिक्षकांची पदे, पाण्याच्या योजना आणि लाभार्थींच्या याद्या ठरतात. म्हणूनच कोठार कसे योजावे आणि कसे उभारावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रोजकीर्द आणि कोठार

दुकानदाराच्या रोजकीर्दीचे उदाहरण घेऊ. दिवसभरात आलेली व गेलेली रक्कम तिच्यात क्रमाने लिहिली जाते. काम चोख चालण्यासाठी ती वही पुरेशी असते. परंतु गेल्या पाच वर्षांत पावसाळ्यात उधारी किती वाढली, कोणत्या वाडीतून वसुली थकली, असे कोणी विचारले तर रोजकीर्द चाळून उत्तर मिळणार नाही. त्यासाठी त्याच नोंदी निराळ्या रीतीने, विषयवार आणि वर्षवार मांडाव्या लागतात.

स्टेट बँकेची गोष्ट अशीच आहे. २००३ पासून बँकेने ‘कोअर बँकिंग’ पद्धती सुरू केली आणि पुढील काही वर्षांत तिच्या शाखा एका संगणकीय जाळ्यात आल्या. खातेदाराने पैसे भरले की नोंद तत्क्षणी व्हावी, हे या पद्धतीचे काम. ती बँकेची रोजकीर्द होय. बावीस हजारांहून अधिक शाखांचा व्यवहार चालू असताना याच यंत्रणेला “मागील दहा वर्षांतील पीककर्जाची जिल्हावार थकबाकी दाखव” असे सांगितले, तर काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाचा खोळंबा होईल. शिवाय कर्ज, ठेवी, एटीएम आणि मोबाईलवरील व्यवहार यांच्या नोंदी वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये असतात. म्हणून या सर्वांतील नोंदींची प्रत ठराविक वेळी काढून, ती स्वच्छ व एकसारखी करून, निराळ्या जागी लावून ठेवतात. हेच कोठार.

या कल्पनेला फार जुना इतिहास नाही. १९७० साली, ज्या वर्षी नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना झाली त्याच वर्षी, आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या स्वरूपात माहिती साठविण्याचा सिद्धान्त मांडला. १९८८ मध्ये त्याच कंपनीतील बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी व्यवसायासाठी माहितीच्या कोठाराची रचना सुचविली. १९९२ मध्ये बिल इन्मन यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी कोठाराची चार लक्षणे सांगितली : माहिती विषयवार असावी, निरनिराळ्या ठिकाणांहून आली तरी एकसंध असावी, प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ असावा, आणि एकदा ठेवलेली नोंद पुसली जाऊ नये.

आधी प्रश्न, मग यंत्र

कोठार उभारण्याचे ठरले की पहिला विचार बहुधा यंत्रखरेदीचा होतो. हा क्रम उलटा आहे. संस्थेला कोणते निर्णय घ्यावयाचे आहेत आणि त्यासाठी कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवीत, याची यादी आधी व्हावयास हवी. ती यादी संगणक विभागाने एकट्याने करू नये. ज्यांना निर्णय घ्यावयाचा आहे आणि ज्यांच्याकडून नोंदी यावयाच्या आहेत, त्या दोघांनाही एकत्र बसवावे लागते.

प्रश्न ठरले की नोंदीचा कण ठरवावा लागतो. कोठारातील एक ओळ म्हणजे नेमके काय? एका खात्याची एका दिवसाची शिल्लक, की एका शाखेची महिन्याची बेरीज? शाळेच्या बाबतीत, एका मुलाची एका दिवसाची हजेरी, की एका वर्गाची मासिक सरासरी? सुट्या नोंदींतून बेरीज केव्हाही करता येते. बेरजेतून सुट्या नोंदी परत मिळत नाहीत. एखाद्या वाडीतील मुले भातलावणीच्या पंधरवड्यात शाळेत येत नाहीत, ही गोष्ट रोजच्या हजेरीवरून कळेल. वार्षिक सरासरीत ती बुडून जाईल.

एका शब्दाचे तीन अर्थ

यानंतरची पायरी सर्वांत कंटाळवाणी वाटते, पण कोठाराचा पाया तीच आहे. ती म्हणजे व्याख्या निश्चित करणे. “ग्रामीण भागात बँकेच्या शाखा किती?” हा प्रश्न साधा वाटतो. रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणानुसार ज्या केंद्राची लोकसंख्या दहा हजारांहून कमी आहे ते ग्रामीण आणि दहा हजार ते एक लाखापर्यंतचे निमशहरी. जनगणनेची कसोटी निराळी आहे. लोकसंख्या किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे आणि मुख्यत्वे काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के बिगरशेती कामात असतील, तर ते गाव जनगणनेच्या दृष्टीने शहर ठरते, मग तेथे नगरपालिका नसली तरी. आणि कायद्याच्या दृष्टीने, जेथे ग्रामपंचायत आहे तो भाग ग्रामीण.

म्हणजे बारा हजार वस्तीचे, बहुतेक लोक कारखान्यात जाणारे एखादे दाट वस्तीचे गाव बँकेच्या कागदावर निमशहरी, जनगणनेत शहर आणि पंचायत समितीत ग्रामीण असू शकते. यांपैकी कोणीही चुकलेले नाही. पण तिन्ही ठिकाणचे आकडे एकाच रकान्यात ओतले तर आलेली बेरीज कोणत्याच अर्थाने खरी राहणार नाही. म्हणून कोठाराबरोबर एक कोशही ठेवावा लागतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ काय, तो कोणी ठरविला, माहिती कोठून आली आणि तिच्या अचूकतेची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहिलेले असते.

नाव बदलते, खूण बदलू नये

वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी जोडावयाच्या तर दोन्हीकडे एकच खूण हवी. नावावर विसंबून चालत नाही. कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव संक्षेपाने, आणि रोमन लिपीत तर ‘म्हात्रे’ हे एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. अशा प्रसंगी दोन बँकांतील दोन खाती एकाच माणसाची आहेत की एकाच नावाच्या दोन माणसांची, हा प्रश्न केवळ नावाने सुटत नाही.

यासाठी क्रमांकाची योजना करण्यात येते. शाळांना अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे. त्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि शाळा यांची खूण क्रमाने येते. गावे व ग्रामपंचायतींसाठी केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतील क्रमांक आहेत. एखाद्या खात्याने स्वतःचे नवे क्रमांक तयार करण्यापूर्वी हे प्रचलित क्रमांक वापरता येतात काय, ते पाहावे. प्रत्येक खात्याने आपली वेगळी खूण केली की जोडणीचे काम पुन्हा माणसाच्या अंदाजावर येऊन पडते.

काळाचे भान

महाराष्ट्रातील कोठाराला काळाचे भान विशेष ठेवावे लागते. कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. खारघर येथे ग्रामपंचायत होती. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि खारघर तिच्यात गेले.

आता २०१० आणि २०२० या वर्षांतील ठाणे जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवले तर आदिवासी विद्यार्थ्यांची संख्या एकाएकी घटल्यासारखी दिसेल. मुले कोठे गेली नाहीत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके नव्या जिल्ह्यात गेले. चांगल्या कोठारात जुने नाव खोडून नवे लिहीत नाहीत. गाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या जिल्ह्यात होते, याच्या दोन्ही नोंदी ठेवतात. फेरफार झाला तरी आधीची नोंद वाचता येते, ही गाव दप्तराची शिस्त येथेही उपयोगी पडते.

पाखडणी

शेतकरी मळणी झाल्याबरोबर धान्य कणगीत ओतत नाही. तो ते पाखडतो, निवडतो, वाळवतो. संगणकीय नोंदींनाही हेच तीन संस्कार लागतात : मूळ ठिकाणाहून काढणे, स्वच्छ व एकरूप करणे, आणि मग भरणे. उभारणीतील श्रम आणि वेळ यांचा मोठा वाटा याच कामात खर्ची पडतो.

या कामात कोणते खडे सापडतात, याचे उदाहरण शिक्षकांना परिचयाचे आहे. एका पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आढळते. मुलाची खरी तारीख घरी कोणाला ठाऊक नसे, शाळेत दाखल करताना गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवीत आणि तारीख १ जून घालीत. त्या काळी त्यात कोणाचे काही बिघडले नाही. आज मात्र वय आणि जन्मतारीख यांवरून माणूस ओळखू पाहणाऱ्या यंत्राला एकाच गावात, एकाच तारखेचे, एकाच आडनावाचे अनेक जण दिसतात.

दुसरा खडा शून्याचा. माहिती मिळाली नाही म्हणून रकाना रिकामा ठेवणे आणि माहिती मिळाली पण संख्या शून्य आहे असे लिहिणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्ज रिकामा रकाना स्वीकारत नाही, म्हणून घाईने शून्य भरले जाते. वरच्या कार्यालयात त्याचा अर्थ “या शाळेत अपंग विद्यार्थी नाहीत” असा होतो आणि मुलाची खुर्ची किंवा श्रवणयंत्र मागणीच्या यादीतूनच गळते. संगणकाला ‘माहीत नाही’ असे सांगण्याची सोय अर्जातच असली पाहिजे. तसेच पाखडणीत बाजूला काढलेल्या नोंदी टाकून न देता मूळ कार्यालयाकडे कारणासह परत गेल्या पाहिजेत. नाहीतर तीच चूक दर महिन्याला नव्याने होत राहते.

सारे एकदम की टप्प्याटप्प्याने?

संपूर्ण संस्थेचे एकच कोठार आधी आखावे, असे इन्मन यांचे मत. दुसरे तज्ज्ञ राल्फ किम्बल यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात एकेका विषयाचे छोटे कोठार उभारीत जाण्याचा मार्ग मांडला, मात्र सर्वांच्या खुणा व व्याख्या समान ठेवण्याची अट घातली. नवी मुंबईची रचना आठवली तर हा वाद सहज समजतो. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या शहराची आखणी एकत्र झाली, पण बांधणी वाशीपासून एकेका उपनगराने होत गेली. रस्ते, रेल्वे आणि जलवाहिन्या पुढे कोठे जुळतील, हे आधी ठरले होते. कोठाराचेही तसेच. व्याख्या आणि खुणा सर्वांसाठी एकदाच ठरवाव्यात आणि उभारणी एका विषयापासून करावी. कोणी वापरतच नाही असे भव्य कोठार बांधण्यापेक्षा हजेरीचे किंवा पाणीपट्टीचे छोटे कोठार सहा महिन्यांत वापरात आणणे अधिक हिताचे.

हाताने लिहिलेले विवरणपत्र

कोठार नसले म्हणजे काय होते, याचा अनुभव बँकांनी घेतला आहे. प्रत्येक बँकेला रिझर्व्ह बँकेकडे अनेक विवरणपत्रे पाठवावी लागतात. पूर्वी निरनिराळे विभाग ती आपापल्या परीने तयार करीत, आणि एकाच बाबीचे आकडे दोन पत्रांत वेगळे येण्याचा संभव राही. नोव्हेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने यासंबंधी मार्गदर्शक पत्र काढले. विवरणपत्रातील आकडा मूळ नोंदींतून, मध्ये माणसाचा हात न लागता यावा, हा त्याचा हेतू होता. माहिती मिळविणे, एकत्र करून साठविणे, विवरणपत्राच्या रूपात बदलणे आणि सादर करणे, असे चार स्तर त्यात सांगितले होते. पुढे ३० जून २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने स्वतःची केंद्रीकृत माहिती व्यवस्थापन प्रणाली सुरू केली.

यातील तत्त्व सर्वच कार्यालयांनी घेण्यासारखे आहे. एकदा नोंदलेली माहिती पुन्हा मागू नये. ग्रामसेवकाकडून किंवा मुख्याध्यापकाकडून तीच संख्या पाच तक्त्यांत मागितली तर पाच वेगळ्या संख्या येण्याची शक्यता निर्माण होते आणि गावातील कामाचा वेळ जातो तो वेगळाच.

शेतकऱ्याच्या दारी

माहिती जुळणे किंवा न जुळणे याचा परिणाम सामान्य माणसावर कसा होतो, हे महाराष्ट्राने कर्जमाफीच्या दोन योजनांत पाहिले. २०१७ च्या योजनेत शेतकऱ्यांकडून ऑनलाईन अर्ज घेण्यात आले आणि बँकांकडून खात्यांची सविस्तर माहिती मागविण्यात आली. दोहोंची जुळणी करताना आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि रक्कम यांत तफावती निघाल्या व काम लांबले. शेतकरी तोच, कर्जही तेच, परंतु दोन वह्यांत तो दोन माणसे होऊन बसला होता.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत पद्धत बदलली. शेतकऱ्याने लांब अर्ज भरण्याऐवजी आधारशी जोडलेल्या कर्जखात्यांची माहिती थेट बँकांकडून घेण्यात आली. प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक देऊन याद्या गावात लावण्यात आल्या. फेब्रुवारी २०२० पासून शेतकरी आपल्या नावापुढची रक्कम पाहून आधारद्वारे पडताळणी करू लागले. रक्कम मान्य नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागण्याची सोय होती. माहिती मूळ ठिकाणाहून घेणे, एक खूण देणे, आणि ज्याची माहिती त्यालाच ती दाखवून खात्री करणे, हे तीन गुण या पद्धतीत होते. त्यांतील तिसरा गुण अनेक मोठ्या कोठारांत आढळत नाही.

राखणही हवी

कोठार जितके भरलेले तितकी राखण अधिक. एके ठिकाणी जमलेल्या नोंदींवरून माणसाचे उत्पन्न, आजार, कर्ज आणि प्रवास यांचे चित्र उभे राहते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. म्हणून कोणी काय पाहावे, हे आरंभीच ठरविले पाहिजे. जिल्ह्याच्या नियोजनासाठी गावाची बेरीज पुरते, प्रत्येकाचे नाव लागत नाही. कोणी कोणती नोंद केव्हा पाहिली, याचीही नोंद राहिली पाहिजे. प्रत दुसऱ्या दूरच्या ठिकाणी ठेवणे हेही राखणीचेच अंग. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे कारण सांगावयास नको.

बेलापूरच्या केंद्रातील यंत्रे कितीही वेगवान असली तरी ती आपल्याकडे आलेल्या नोंदीला खरे करू शकत नाहीत. ती तिला फक्त सांभाळतात, जोडतात आणि दूरवर पोहोचवितात. नोंद खरी असेल तर तिचे खरेपण दूरवर जाते, चुकीची असेल तर चूकही तितकीच दूर जाते. कोठाराची पहिली वीट कोठे तरी एका गावात, एका रकान्यात बसविली जाते. तो रकाना भरणारा शिक्षक, ग्रामसेवक वा लिपिक हा या उभारणीतील पहिला कारागीर होय. त्याला व्याख्या समजावून सांगणे, त्याने पाठविलेल्या माहितीतून काय निष्पन्न झाले ते त्याला परत कळविणे आणि ‘माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिण्याची मुभा त्याला देणे, एवढे झाले तर पुढचे बांधकाम पक्के होण्यास वेळ लागणार नाही.